मुहूर्त, ऊन आणि कॅमेरा: लग्नाच्या दिवसाचं वेळापत्रक कसं आखावं

मस्तगड परिसरात किंवा जुन्या जालन्यातल्या कुठल्याही गल्लीत लग्न ठरलं, की घरात वहीवर यादी सुरू होते. बस्ता, किराणा, पत्रिका, आचारी, मंडपवाले, बँड, फोटोवाले. प्रत्येकाला ॲडव्हान्स दिला जातो, प्रत्येकाचा नंबर वहीत येतो. दिवसाचं वेळापत्रक मात्र त्या वहीत नसतं. पत्रिकेवर छापलेलं असतं तेवढंच: हळद सकाळी 9 वाजता, विवाह दुपारी 12 वाजून 35 मिनिटांनी. मधले साडेतीन तास कोणाच्याच हिशेबात नसतात. मग लग्न दोन वाजता लागतं, पाठवणी अंधारात होते, आणि अल्बम हातात आल्यावर लक्षात येतं की आजीचा नातीबरोबर एकही धड फोटो नाही, सप्तपदी कुठेच नाही, स्टेजवर सत्कार झालेल्या पाहुण्यांची मात्र पानंच्या पानं भरली आहेत.

याचं खापर फोटोग्राफरवर फुटतं. बहुतेक वेळा चूक त्याची नसते. समोर जे घडतं, ज्या उजेडात घडतं, तेच तो टिपणार. केव्हा काय घडावं हे घरानेच ठरवायचं असतं, आणि ते आठ दिवस आधी ठरवायचं असतं. लग्नाच्या दिवशी वधूपित्याला स्वतःचा चहा प्यायलाही सवड नसते, तेव्हा कसलं ठरवणं होणार?

पहिलं काम म्हणजे गुरुजी, आचारी आणि फोटोग्राफर या तिघांना एकाच बैठकीला बोलवा. आपण तिघांशी वेगवेगळं बोलतो, आणि तिथेच गफलत होते. गुरुजी सांगतात, मंगलाष्टकांनंतर विधींना सव्वा तास लागेल. आचारी सांगतो, अक्षता पडल्या की दहा मिनिटांत पहिली पंगत बसली पाहिजे, नाहीतर पुऱ्या गार होतील. फोटोग्राफर सांगतो, लग्न लागलं की घरच्यांचे फोटो घेऊन टाकू. तिघांचंही म्हणणं खरं असतं, पण तिघांनी एकच तास धरलेला असतो. एकत्र बसले की हे पाच मिनिटांत उघड होतं आणि तोडगाही निघतो. कार्यालयाचे मॅनेजर आणि मंडपवाले त्यात आले तर फारच चांगलं.

बैठकीत मुहूर्तापासून मागे मोजत या. समजा, मे महिन्यातलं लग्न आहे आणि मुहूर्त 12 वाजून 35 मिनिटांचा आहे. म्हणजे सव्वाबाराला नवरदेव बोहल्यापाशी हवा आणि मामाने नवरीला घेऊन निघायला हवं. त्याआधी मान्यवरांचे सत्कार असतील, तर त्यांना वीस मिनिटं द्या आणि माइक अशा माणसाच्या हाती द्या ज्याला थांबता येतं. म्हणजे मारुतीचं दर्शन घेऊन नवरदेवाची परण्या साडेअकरापर्यंत मांडवाच्या दारात यायला हवी. बँडपुढे नाचणाऱ्या मित्रमंडळींना ही वेळ नवरदेवाच्या तोंडून आदल्या रात्रीच कळू द्या, कारण ऐन वेळी त्यांना कोणी हलवू शकत नाही. नवरी सव्वाअकराला तयार हवी असेल, तर मेकअप, केस, शालू आणि दागिने धरून तिला दोन तास लागतात. म्हणजे ती सव्वानऊला आरशासमोर बसली पाहिजे. म्हणजे हळद, आंघोळ आणि दोन घास हे सगळं नऊच्या आत उरकायला हवं.

आता पत्रिकेकडे पुन्हा बघा. हळद सकाळी 9 वाजता!

आपल्याकडे यात आणखी एक मेख आहे. नवरदेवाला आधी हळद लागते आणि त्याची उष्टी हळद नवरीकडे येते. नवरदेव भोकरदन, मंठा किंवा परतूरकडचा असेल, तर ती हळद घेऊन येणारी गाडी तास-दीड तास वाटेत असते. इकडे नवरी पाटावर बसून, सवाष्णी खोळंबलेल्या, आणि फोटोग्राफर उगाच आंब्याच्या डहाळ्यांचे फोटो काढतोय. तोडगा साधा आहे. नवरदेवाची हळद आदल्या संध्याकाळी करा आणि उष्टी हळद रात्रीच पोचती करा. नवरीची हळद सकाळी सातला लावा.

सात ही वेळ उजेडासाठीही सोन्यासारखी असते. मेच्या मध्यावर जालन्यात सूर्य 5 वाजून 51 मिनिटांच्या आसपास उगवतो. सात-साडेसातला ऊन तिरपं, मऊ असतं, आणि जुन्या वस्तीतल्या अरुंद गल्लीत तर घरांची सावली पडलेली असते, वरून आभाळाचा उजेड येत असतो. असा उजेड चेहऱ्यावर सारखा पसरतो. हळदीचा चौरंग या सावलीत मांडा, नवरीचं तोंड मोकळ्या आभाळाकडे येईल असं. अंगणातला चौरंग अर्धा उन्हात आणि अर्धा सावलीत असेल, तर एक गाल पांढराफटक आणि एक काळा येतो. तो दोन हात सरकवला की काम होतं, पण सरकवायला कोणीतरी सांगावं लागतं. आणि मागे पिवळा पडदा लावू नका. हळद पिवळी, साडी पिवळी, झेंडू पिवळा आणि वरचं कापडही पिवळंच असेल, तर त्यात नवरीचा चेहरा हरवतो. मागे हिरव्या डहाळ्या, पांढरी भिंत किंवा घराचं जुनं लाकडी दार पुरे.

दुपारचं ऊन याच्या अगदी उलट. जालना साधारण 19 अंश 50 मिनिटं उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे 20 मेच्या आसपास भर दुपारी, 12 वाजून 22-23 मिनिटांच्या सुमारास, सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली पायाशीच नाहीशी होते. शून्य सावलीचा हा दिवस ऐन लग्नसराईतच येतो. अशा उन्हात उघड्यावर फोटो काढला, तर कपाळ आणि नाक चमकतं, डोळ्यांच्या जागी काळे खड्डे दिसतात, फेट्याची आणि मुंडावळ्यांची सावली तोंडभर पडते. साडेअकरा ते साडेतीन या वेळात उघड्यावर एकही ठरवून काढायचा फोटो ठेवू नका. मांडवाखालीही सावध राहावं लागतं. वरचं कापड लाल असेल तर चेहरे लाल होतात, हिरवी शेडनेट असेल तर आजारी दिसतात. बोहल्यावरचं छत पांढऱ्या किंवा फिक्या कापडाचं लावायला मंडपवाल्यांना आधीच सांगा. त्याला एक पैसा जास्त लागत नाही. स्टेजवरचे जांभळे, निळे फिरते दिवे मंगलाष्टकं आणि विधी होईपर्यंत बंद ठेवायला सांगा. ते रिसेप्शनला शोभतात. अंतरपाट दूर होताना नवरीचा अर्धा चेहरा जांभळा आला, तर तो दुरुस्त करता येत नाही.

घरातून निघण्याआधीच्या वीस मिनिटांबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण ती आताशा सगळीकडेच हरवत चालली आहेत. 1725 साली निजाम-उल-मुल्क असफजाहच्या हुकमावरून काबिलखानाने जालन्याला किल्ला बांधला, त्याचा बालेकिल्ला म्हणजे मस्तगड. इतक्या जुन्या वस्तीत घरं एकमेकांना खेटून असतात, दाराशी मोठा मांडव मावत नाही, सजवलेली गाडी गल्लीच्या तोंडाशीच थांबते. त्यामुळे इथल्या मुलीचं लग्न अंबड रोडला, मंठा रोडला किंवा राजूर रोडला, एखाद्या लॉन्सवर लागतं. सोय तिथे आहे, हे बरोबरच. पण मग फोटोग्राफरही थेट लॉन्सवर येतो आणि ज्या घरात मुलगी लहानाची मोठी झाली, ते घर अल्बममध्ये कुठेच येत नाही. ज्या आजीला गाडीत बसवत नाही, जे आजोबा अंथरुणाला खिळलेले आहेत, शेजारची जी काकू दुपारी दुकान सोडून येऊ शकत नाही, त्यांच्यापैकीही कोणी येत नाही.

म्हणून नवरीने शक्य असेल तर घरीच तयार व्हावं, किंवा निदान हळदीनंतर, आंघोळ करून, साध्या साडीत वीस मिनिटं फोटोसाठी द्यावीत. उंबऱ्यात उभी नवरी, देवघरापुढे आईवडिलांच्या मधे नवरी, आजीच्या खाटेवर तिच्या शेजारी टेकलेली नवरी. आजीला उठवून सोफ्यावर आणू नका, फोटोग्राफरला आजीच्या खोलीत न्या. खिडकी उघडा, ट्यूबलाइट बंद करा, खिडकीचा उजेड पुरतो. हे फोटो फार तर दहा निघतील. सबंध अल्बममध्ये पुढची तीस वर्षं हेच दहा पुन्हा पुन्हा उघडले जातील, असं माझं ठाम मत आहे.

घरच्यांच्या फोटोंची यादी कागदावर करा. डोक्यात ठेवलेली यादी लग्नाच्या दिवशी आठवत नाही. एका गटाला गोळा करून फोटो घ्यायला अडीच-तीन मिनिटं लागतात, म्हणजे वीस गटांना तासभर हवा. तो एकदम मिळत नाही, म्हणून वाटून घ्या. अंतरपाटाआधी नवरानवरीने एकमेकांना बघायचं नाही ही रीत तुमच्या घरी पाळत असाल, तरी प्रत्येक बाजूचे आपापले फोटो आधी होऊ शकतात. नवरीकडची मंडळी सव्वाअकराच्या सुमारास तिच्या खोलीत, नवरदेवाकडची परण्या निघण्याआधी जानोशाच्या घरी. लग्नानंतर फक्त दोन्ही घरं एकत्र असलेले सहा-सात गट उरतील. दोन्ही बाजूंचा एकेक हाक मारणारा माणूस नेमा. त्याला सगळे चेहरे ओळखता आले पाहिजेत आणि त्याचा आवाज मोठा हवा. आत्या किंवा थोरला चुलतभाऊ या कामाला उत्तम. फोटोग्राफरला तुमचा मेव्हणा कोण आणि साडू कोण, हे कळणं शक्य नाही.

यादीत पहिली नावं म्हाताऱ्या माणसांची आणि तान्ह्या मुलांची लिहा. त्यांना ताटकळवू नका, खुर्च्या आधी लावा. आणि एक गोष्ट मनापासून सांगतो. घरात विधवा आई असेल, आत्या असेल, मोठी वहिनी असेल, तर ती आपणहून मागे सरकते. स्वयंपाकघरात काही बघायला जाते, सामानापाशी बसते, आणि कोणी हाक मारत नाही. तिने मुलीला एकटीने वाढवलेलं असतं, फी भरलेली असते, दागिने मोडलेले असतात, आणि अल्बममध्ये ती कुठेतरी खांबामागे दिसते. ही रीत आता तरी बंद व्हायला हवी. तिचं नाव यादीत सर्वांत वर लिहा आणि तिला हाताला धरून नवरानवरीच्या मधे उभं करा.

मंगलाष्टकांच्या वेळी नियम एकच ठेवा: बोहल्यावर दोनच कॅमेरे. हल्ली दोन्हीकडचे फोटोवाले वेगळे, व्हिडिओवाले वेगळे, त्यांचे लाइट धरणारे वेगळे, त्यात हातात मोबाइल घेतलेले मित्र. दीड हजार पाहुणे उन्हातान्हातून आलेले असतात आणि त्यांना फक्त या लोकांच्या पाठी दिसतात. दोन्ही घरांनी आधी बोलून कोण कुठे उभा राहील ते ठरवून घ्या. एकाने बाजूने अंतरपाट आणि दोघांचे चेहरे बघायचे, दुसऱ्याने आईवडील आणि मंडळींकडे तोंड करून थांबायचं. फोटो नंतर एकमेकांना देता येतात. काही घरांत मुलीची आई मंगलाष्टकं होईपर्यंत मांडवात थांबत नाही, तुळशीपाशी जाऊन बसते. तुमच्याकडे तसं असेल तर फोटोग्राफरला सांगून ठेवा. त्या पाच मिनिटांतला तिचा चेहरा कोणीतरी टिपायला हवा, आणि सांगितल्याशिवाय तो माणूस तिथे जाणार नाही.

अक्षता पडल्या की गर्दी पंगतीकडे वळते आणि फोटोग्राफरही जेवायला जातो. त्याच वेळी कन्यादान, होम आणि सप्तपदी सुरू होते. हिंदू विवाह कायदा, 1955 च्या कलम 7 नुसार जिथे सप्तपदी हा विधीचा भाग आहे, तिथे सातवं पाऊल टाकल्यावर विवाह पूर्ण होतो. एप्रिल 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही स्पष्ट केलं, की विधी झालेच नसतील तर नुसत्या नोंदणीने हिंदू विवाह सिद्ध होत नाही. ज्या क्षणी लग्न खऱ्या अर्थाने लागतं त्याच क्षणी कॅमेरा हजर नसावा, याला काय म्हणावं? फोटोग्राफर आणि त्याच्या मदतनिसाला साडेअकरालाच, सत्कार सुरू होण्याआधी, बसवून जेवू घाला. आचाऱ्याला तशी दोन ताटं आधी काढायला सांगा. गुरुजींना विनंती करा की सप्तपदीच्या आधी खूण करा आणि पावलं सावकाश घ्यायला सांगा. होमाचा धूर नवरानवरीच्या तोंडावर येणार नाही असं बघून पाट मांडा, पंखा विरुद्ध बाजूला फिरवा. डोळ्यांत पाणी आलेले फोटो छान असतात, पण ते धुराने आलेलं नसावं.

आहेराची रांग हा पुढचा मोठा खर्च आहे. सातशे माणसं स्टेजवर चढली आणि प्रत्येकाला दहा सेकंद दिले, तरी दोन तास जवळ येतात. नवरानवरी सकाळपासून उपाशी असतात. रांग सुरू होण्याआधी त्यांना अर्धा तास द्या, घास भरवणं, उखाणे आणि पोटभर जेवण त्यात होऊ दे. मग एका फोटोग्राफरने स्टेजसमोर एकाच जागी उभं राहून रांगेतले फोटो घ्यावेत. दुसऱ्याला मोकळा सोडा: पंगतीत आग्रह करणारे मामा, रुखवतापाशी उभ्या बायका, विहिणींची भेट, झोपलेली मुलं हे सगळं त्याच्याकडे येईल.

गोरज मुहूर्ताच्या लग्नात हिशेब वेगळा, पण सोपा आहे. सगळं सूर्यास्तावर अवलंबून असतं. जालन्यात सूर्य डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पावणेसहाच्या सुमारास मावळतो, फेब्रुवारीच्या मध्यावर 6 वाजून 25 मिनिटांच्या आसपास, मेच्या मध्यावर सातला पाच कमी असताना. मुंबईच्या वेळा बघून ठरवू नका, आपल्याकडे सूर्यास्त तिथल्यापेक्षा बारा मिनिटं आधी होतो. सूर्यास्तापूर्वीचा एक तास हा दिवसातला सर्वांत सुंदर उजेड. नवरानवरीचे आणि घरच्यांचे उघड्यावरचे फोटो त्यात झाले पाहिजेत. सूर्य बुडाल्यावर वीसेक मिनिटं निळसर उजेड टिकतो, मग सगळं दिव्यांवर. म्हणून गोरजाच्या लग्नात नवरी पाचला तयार हवी. मेमध्ये साडेपाच चालतील. पत्रिकेवर सहा पस्तीस छापून आठला लग्न लावायचं असेल, तर मग बाहेरच्या फोटोंची आशा सोडलेली बरी.

मुहूर्त न बघणाऱ्यांना तर मोठीच मोकळीक आहे. बौद्ध पद्धतीच्या विवाहात त्रिसरण-पंचशील, प्रतिज्ञा आणि पुष्पहार असा आटोपशीर विधी असतो. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने 1873 मध्ये सुरू केलेल्या विवाहपद्धतीतही वेळ आपण ठरवतो. मग भर दुपारचा बाराचा ठोका का धरायचा? संध्याकाळी साडेचार-पाच धरा, पाहुण्यांनाही ऊन लागणार नाही. पांढरे कपडे असतील तर मागे पांढरा पडदा नको, एवढं पाळा. निकाह असेल तर तो थोड्या वेळात होतो, तिथे खरा प्रश्न आधी विचारण्याचा असतो: बायकांच्या बाजूला कॅमेरा चालेल का, चालत असेल तर स्त्री फोटोग्राफर हवी का. हे घरातल्या मोठ्यांना आठ दिवस आधी विचारा.

रात्रीच्या वरातीसाठी दोन गोष्टी ध्यानात ठेवा. रात्री 10 नंतर सकाळी 6 पर्यंत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला बंदी आहे, त्यामुळे वरातीचे फोटो नऊच्या आत उरका. ड्रोन सांगितला असेल, तर 250 ग्रॅमपेक्षा जड ड्रोन पैसे घेऊन उडवणाऱ्याकडे रिमोट पायलट प्रमाणपत्र असावं लागतं. ते बघा, आणि गर्दीच्या डोक्यावरून तो उडवू देऊ नका.

पाठवणीला उजेड राहील अशी वेळ मागून घ्या, निदान अर्धा तास. आणि त्या अर्ध्या तासात फोटोग्राफरला लांब उभं राहायला सांगा. लेक गळ्यात पडलेली असताना बापाला "इकडे बघा" म्हणणारा माणूस जवळ नको.

ठरलेलं वेळापत्रक एका पानावर मोठ्या अक्षरात लिहून त्याच्या प्रती दोन्ही व्याह्यांना, गुरुजींना, आचाऱ्याला, बँडवाल्यांना आणि मेकअप करणाऱ्या ताईंना द्या. प्रत्येक टप्प्यात पंधरा मिनिटं जास्तीची धरा. फोटोग्राफरशी करार लिहून घ्या: किती माणसं येतील, किती वाजेपर्यंत थांबतील, सगळे मूळ फोटो मिळतील का, केव्हा मिळतील, आणि तुमच्या परवानगीशिवाय ते जाहिरातीला वापरणार नाहीत. उलट काही लिहून दिलं नसेल, तर पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोंचा हक्क कॉपीराइट कायद्याप्रमाणे काढून घेणाऱ्याचा असतो.

आणि अल्बमची वाट न बघता विधीचा एक स्पष्ट फोटो आठवड्याभरात छापून मागा. विवाह नोंदणीचा अर्ज महाराष्ट्रात लग्नापासून 90 दिवसांच्या आत, तीन साक्षीदारांसह द्यायचा असतो, आणि त्याच्या कागदपत्रांत लग्नपत्रिकेबरोबर हा फोटो कामी येतो.